पन्नास मैल सावकाश, मग बिगी

दवाखान्यात मला नावानं कुणी हाक मारत नव्हतं. वॉर्डातल्या आया आधी पाठीमागं आणि मग तोंडावरच मला 'बिगी सिस्टर' म्हणायला लागल्या. माझ्या तोंडात दिवसभर तोच एक शब्द. सुया उकळायला टाका, बिगी. चादर बदला, बिगी. आमच्या निपाणीकडं लवकर चल म्हणायचं असलं की 'बिगीबिगी चल' म्हणतात. तो शब्द मी बेळगावच्या मिशन दवाखान्यात घेऊन आले आणि त्यानं माझंच बारसं केलं. मला राग यायचा. पण खोटं काय होतं त्यात? मला एका जागी बसवतच नाही. जेवतानासुद्धा माझा एक पाय चपलेत असायचा.

आमचा बा निपाणीत तंबाखूच्या वखारीत हमाल होता, आई विड्या वळायची. आम्ही दोघी बहिणी. आक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी आणि स्वभावानं पार उलटी. घराला आग लागली तरी आधी भांडी घासून, पालथी घालून मग बाहेर येईल, अशी बाई. मी मिरजेला नर्सिंग शिकत होते तेव्हा तिचं लग्न झालं आणि ती खानापूर तालुक्यात गुंजीला गेली. तिथं दाजी रेल्वेत गँगमन होते. रोज हातोडा आणि पाना घेऊन रुळाच्या कडेनं चालायचं, सैल झालेला बोल्ट आवळायचा, हेच त्यांचं काम. रेल्वेच्या चाळीत निम्मी घरं कानडी, निम्मी मराठी. आक्का वर्षभरात कानडी बोलायला लागली. मी मात्र बेळगावात राहून शिकले नाही. सीमेच्या भांडणाचे दिवस, आणि मी हट्टी. मला कानडीत विचारलं की मी मराठीत उत्तर द्यायची, आणि माझं काही अडत नाही असं छाती काढून सांगायची.

ऐंशी सालाच्या जरा आधीची गोष्ट. आमच्या दवाखान्यातली गोरी डॉक्टरीणबाई कायमची मायदेशी गेली आणि जाताना तिची जुनी गाडी मला देऊन गेली. कासवाच्या पाठीसारखं टप असलेली, इंजिन मागं आणि सामान पुढं, अशी ती गाडी. चालवायला तिनंच शिकवलं होतं. हमालाची पोरगी, त्यात आमच्या वस्तीतली, आणि स्वतः गाडी चालवत येते म्हटल्यावर निपाणीत लोक दारातनं उठून बघायचे. बा एकदाच बसला. दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसला होता बिचारा. उतरल्यावर म्हणाला, "कागद तुझ्या नावावर हाय न्हवं? मग बास."

त्या गाडीची एक खोड होती. आपल्याकडच्या जीपला, ट्रकला चाकाच्या जागी लोखंडी खुंट्या बाहेर आलेल्या असतात. त्यांना स्टड म्हणतात. चाक त्या खुंट्यांवर अडकवायचं आणि वरून नट फिरवायचे. ह्या गाडीला खुंट्याच नव्हत्या. ब्रेकच्या ड्रमला पाच भोकं, आत आटे पाडलेले, आणि पाच सुटे बोल्ट. म्हणजे चाक दोन्ही हातांनी उचलून धरायचं, भोकासमोर भोक आणायचं आणि तिसऱ्या हातानं बोल्ट घालायचा. डॉक्टरीणबाई चांगली धिप्पाड होती, ती गुडघ्यावर चाक पेलायची. मी पाच फुटांची.

एका दुपारी बेळगाव स्टेशनातला हमाल धापा टाकत वॉर्डात आला. गुंजीहून रेल्वेच्या तारेनं निरोप आला होता. आक्काला कळा सुरू झाल्यात, पॅसेंजर निघून गेलीय, गाडी घेऊन ये. तिचं एकदा तिसऱ्या महिन्यात पडलं होतं. हे दुसरं, आणि दिवस पुरे भरलेले. मी ड्यूटीच्या पांढऱ्या साडीतच निघाले. खानापूर मागं टाकून मैलभर गेले आणि मागचं चाक फट्‌कन बसलं.

जॅक लावला, पंक्चर झालेलं चाक काढलं, दुसरं उचललं. ते काही भोकासमोर येईना. घामानं हात निसटत होते. एकदाचा पहिला बोल्ट शिरला, पण तिरका शिरला. मला कळलं होतं हो! बोल्ट सरळ गेला तर बोटानं गरागरा फिरतो, हा दीड फेऱ्यातच अडला. काढायचा आणि परत घालायचा, एवढंच काम. पण तेवढा दम कुणाला? मी पान्यावर उभी राहिले आणि दोन उड्या मारल्या. आत करकर वाजलं आणि ड्रमचे आटे सोलून निघाले. मग तो बोल्ट पुढं जाईना की मागं येईना. तासाभरानं एक लॉरीवाला थांबला. त्यानं ठोकून ठोकून तो काढला आणि उरलेल्या चार बोल्टांवर चाक बसवून दिलं. एकूण दोन तास गेले.

आक्काला खानापूरच्या दवाखान्यात नेली. मूल मेलेलंच आलं. मुलगा होता. मी नर्स, रोज हातानं बाळं घेणारी, पण आत गेले नाही. बाहेर भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. दाजींनी विचारलं, "उशीर कशानं झाला?"

"त्या बोल्टांनी घात केला दाजी," मी म्हणाले.

पान्यावर उड्या मारल्याचं काही सांगितलं नाही. ना त्यांना, ना आक्काला, ना बाला. पुढं तीन वर्षं जो विचारील त्याला मी बोल्टांचंच सांगत राहिले. लोक चुकचुकायचे. ऐकून ऐकून मलाही ते निम्मं खरं वाटायला लागलं होतं, पण फक्त निम्मं. ती गाडी चार बोल्टांवर मी बेळगावातल्या बेळगावात चालवली. गुंजीला जायचं असलं की आगगाडीनं जायची.

तीन वर्षांनी आक्काला परत दिवस गेले. मोठ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आता वाट बघायची नाही, तारखेच्या तीन आठवडे आधी इकडं आणून ठेवा, आपण ऑपरेशन करू. दाजी म्हणाले, "सकाळच्या पॅसेंजरनं आणतो." सरळ, शहाणपणाची गोष्ट. मी नाही म्हणाले. मी आणणार, आणि त्याच गाडीनं आणणार. दाजींना वाटलं बहिणीची माया. खरं म्हणजे मला तो रस्ता परत एकदा करायचा होता आणि ह्या वेळी वेळेत पोचायचं होतं. पण त्याआधी त्या बोल्टांचा निकाल लावायचा होता.

गावातल्या मेकॅनिकला म्हटलं, बोल्ट नकोत, स्टड बसवून दे. तो म्हणाला, "त्यात काय! बोल्टांची डोकी कापतो, भोकात उभी करतो, मागनं वेल्डिंग मारतो. संध्याकाळी गाडी न्या." संध्याकाळी म्हटल्यावर मी भुललेच होते. पण बाजूला उभा असलेला एक टेम्पोवाला म्हणाला, "बाई, वेल्डिंगनं पोलाद ठिसूळ होतंय. वळणावर चाक तुमच्या फुडं पळंल. मच्छ्याला जावा, तिथं एक लेथवाले म्हातारे हाईत." मच्छे बेळगावहून पाच मैलांवर, खानापूरच्याच रस्त्याला. नव्या कारखान्यांच्या कडेला त्या म्हाताऱ्याची पत्र्याची शेड होती.

सगळे त्यांना अण्णा म्हणत, मग मीही अण्णा म्हणाले. मराठी त्यांना मोडकीतोडकी यायची, बाकी कानडी. त्यांचा वेग बघून माझं डोकं फिरलं. पहिला दिवस त्यांनी नुसता बघण्यात घालवला. चाक काढून, ड्रम काढून, आत बोट फिरवून. आटे सोललेल्या भोकाशी आले, थांबले, माझ्याकडं बघितलं. "ह्ये कुणी केलं?"

"लॉरीवाल्यानं," मी म्हणाले. म्हणजे बघा.

तो ड्रम त्यांनी बाजूलाच काढला. दुरुस्त करून बसवा म्हटलं तर मान हलवली. "नक्को. ब्रेकचं काम हाय." मिरजेच्या मिशनमध्ये तसलीच एक गाडी मोडीत निघाली होती, तिथून मी ड्रम आणला. स्टडही साध्या लोखंडी सळईचे करायला ते तयार नव्हते. मोटारीच्या चाकाचं पोलाद वेगळं असतं म्हणाले, आणि कोल्हापूरला मोटारीचे सुटे भाग करणाऱ्याकडून मापाचे मागवून घेतले. त्यात आठ दिवस गेले. मी रोज ड्यूटी संपली की बसनं मच्छ्याला जायची, शेडमध्ये येरझाऱ्या घालायची. अण्णा लेथवरून मान वर न करता म्हणायचे, "कुंद्री बाई, कुंद्री." बसा म्हणे. बसते कशाला? एकदा मी म्हणाले, "अण्णा, माझी बहीण अवघडलीय. जरा बिगी करा की." त्यांनी हातातला भाग परत चिमट्यात धरला आणि आणखी घट्ट आवळला. मला वाटलं म्हातारा मुद्दाम चिडवतोय.

आणखी एक भानगड निघाली ती नटांची. मी बाजारातून वीस नट घेऊन गेले होते, चांगले चकचकीत. अण्णांनी कपड्याची नीळ तेलात कालवली, चाकाच्या भोकाच्या कडेला बोटानं लावली, त्यावर माझा नट आवळला आणि परत काढला. नटाच्या तोंडावर केसाएवढी निळी रेघ उमटली होती. मग त्यांनी स्वतःकडचा नट घेतला, त्याचं तोंड गोल घडवलेलं. तो आवळून काढला तर बोटभर निळा पट्टा. चाकातली बैठक गोल होती आणि माझ्या नटांचं तोंड सुळकं. वरून दिसायला दोन्ही सारखेच. "ह्ये," माझ्या नटाकडं बोट करून ते म्हणाले, "रेघंवर उभा ऱ्हातंय. सुटतंय." वीसच्या वीस नट पिशवीत घालून परत नेले.

हे चाललं असताना मी आरटीओ ऑफिसात अर्ज टाकला होता. ते डोकं बाचं. मी निपाणीला गेले तेव्हा त्याला सांगितलं तर म्हणाला, "सायबाला इचारून कर. गाडीत बदल केलास आन उद्या काय झालं, तर म्हणतील हिला कुणी सांगितलं होतं? आपल्या माणसाला कागद लागतोय बाई. तोंडाचं आपलं कोण खरं मानत न्हाय." मग काय, कानडी फॉर्म. तो आमच्या वॉर्डातल्या एका आयाकडून भरून घेतला. तीन दिवस त्या बाकड्यावर काढले. बाकड्यावर म्हणजे बाकड्याच्या आसपास.

इन्स्पेक्टर बरा माणूस निघाला. मराठी चांगलं बोलायचा. अर्ज वाचून हसला. "बाई, लोक बॉडी बदलतात, इंजिन बदलतात, आणि आम्हाला नाक्यावर पकडल्यावर कळतं. तुम्ही चाकाचे नट बदलून परवानगी मागायला आलाय?" पण चेष्टा करून सोडून नाही दिलं. स्टड कसले, कुठले, कुणी बसवणार, सगळं अण्णांच्या सहीनं लिहून आणायला लावलं आणि काम झाल्यावर गाडी घेऊन या म्हणाला.

तेराव्या दिवशी काम झालं. वीस स्टड ड्रममध्ये पार शेवटच्या आट्यापर्यंत बसलेले, मागं ब्रेकला कुठं टेकत नाहीत ना हे चाक हातानं फिरवून कान लावून ऐकलेलं. अण्णांनी माझ्यासमोर चाक अडकवलं. अडकवलं! नुसतं उचलून खुंट्यांवर टांगलं आणि हात सोडले, चाक तिथंच. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं एकदम. एवढीशी गोष्ट, आणि त्या दुपारी ती असती तर. पण त्या दुपारी दम असता तरी चाललं असतं, हेही मला तिथल्या तिथं आठवलं आणि मी डोळे पुसून घड्याळ बघायला लागले. आरटीओ ऑफिस चारला बंद व्हायचं.

अण्णांनी समोरासमोरचे नट आळीपाळीनं आवळले, लांब पान्यानं, अंगाचा भार न टाकता. मग तो पाना फडक्यानं पुसला आणि पुढं सामानात न टाकता माझ्या शेजारच्या सीटवर आणून ठेवला. खिडकीशी वाकून म्हणाले, "पन्नास मैल सावकाश. आमेल बिगी. इसरू नका हां, पन्नास मैल झालं की बिगी." हातानंही काही तरी करून दाखवत होते, पण मी गाडी सुरू केली होती.

आमेल म्हणजे नंतर, एवढं कानडी मलाही यायचं. नव्या गाडीचं इंजिन सुरुवातीला हळू चालवतात, तसंच नव्या स्टडांचं असणार. पन्नास मैल हळू, मग पळवा. बिगी! मला हसूच आलं. म्हाताऱ्याला माझा शब्द बरोबर लागला होता. पाना पुढं टाकायला अण्णा विसरले असं समजून मी पहिल्या वळणावर थांबून तो पुढच्या सामानाच्या खणात, गोणपाटाखाली टाकून दिला.

इन्स्पेक्टरनं गाडीखाली वाकून बघितलं, प्रत्येक नट स्टडवर पुरा चढलाय का ते मोजलं, चाक मडगार्डच्या बाहेर येत नाही ना ते बघितलं, स्वतः बसून दोनदा करकचून ब्रेक मारला. मग आरसी बुकात दोन ओळी लिहून शिक्का मारला. तो शिक्का वाळायच्या आत मी जिन्यात होते.

दुसऱ्या दिवशी काकतीपर्यंत जाऊन परत आले, मुद्दाम पन्नासातले मैल कमी करायला. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला गुंजीला निघाले. काटा पंचवीसच्या वर जाऊ दिला नाही. सायकलवाले मागं वळून बघत होते. मला असं सावकाश चालवणं म्हणजे शिक्षाच. पण अण्णांनी सांगितलं होतं, आणि ह्या वेळी मी सांगितलेलं ऐकणार होते. अगदी अक्षरन्‌अक्षर.

दाजींनी आक्काला हात धरून गाडीत बसवली. उशी दिली, पाण्याची कळशी दिली. गाडीला वळसा घालताना त्यांची नजर आपली सवयीनं नटांवर गेली. "सगळं आवळून झालंय न्हवं? आवळलं म्हंजे झालं असं नसतंय हां, परत परत बघाय लागतंय." मी म्हटलं, "सरकारी शिक्का हाय दाजी त्याच्यावर." पॅसेंजरची वेळ झाली होती, त्यांना लाईनवर जायचं होतं. ते राहिले, आम्ही निघालो.

आक्का शेजारी बसून होती, एक हात पोटावर. फार बोलत नव्हती. मी मात्र मैलांचा आकडा बघत होते. सेहेचाळीस. अठ्ठेचाळीस. खानापूर दीडेक मैलावर आलं आणि पन्नास पुरे झाले.

"आता बघ," मी म्हणाले आणि पाय दाबला.

तीस, चाळीस, पंचेचाळीस. वारा आत यायला लागला. तीन वर्षांपूर्वी जिथं चाक बसलं होतं ती जागा मागं गेली. मला इतकं हलकं वाटलं की मी गुणगुणायलाच लागले.

"हलतंय गं," आक्का म्हणाली.

"हलू दे की. हलायलाच पायजे. चांगलं असतंय ते."

"हलतंय लई."

"अगं, पोरगं लाथा मारणारच. काय खाल्लंस सकाळी?"

"बाळ न्हाय गं भवाने! गाडी हलतीया!"

तेव्हा मला ऐकू आलं. मागून टक, टक, टक, आणि वेग जरा कमी केला की टक... टक. स्टीअरिंगही हातात थरथरत होतं. मी ब्रेक न मारता पाय उचलला, गाडी आपसूक हळू होऊ दिली आणि एका आंब्याखाली थांबवली. उतरून मागच्या चाकाला हात लावला. नट बोटांनी फिरत होता. पाचातले तीन बोटांनी फिरत होते. चौथ्या चाकापर्यंत सगळीकडं तीच कथा, कुठं कमी, कुठं जास्त. आणखी दोन-चार मैल त्याच वेगानं गेले असते तर काय झालं असतं ते मी नर्स म्हणून अगदी नीट सांगू शकते, पण सांगत नाही.

आणि मला राग आला. म्हाताऱ्याचा, शिक्क्याचा, सगळ्या जगाचा. "त्यानंच सांगितलं होतं!" मी रस्त्यावर उभी राहून ओरडले. "सांगून सांगून सांगितलं, पन्नास मैल सावकाश, मग बिगी! मी तसंच केलं! एक मैल आधी केलं न्हाय! असला कसला कारागीर?"

आक्का दार उघडून पाय बाहेर टाकून बसली होती. "काय सांगितलं म्हणालीस?"

"पन्नास मैल सावकाश. आमेल बिगी."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिच्या तोंडावर हसू यायला लागलं, आणि ते तिला आवरेना, पोट धरून हसायला लागली. "अगं, कानडी माणूस न्हवं का त्यो? कानडीत बिगी म्हंजे घट्ट! आमच्यातली गँगची माणसं दिवसभर लाईनवर वरडत असत्यात, बिगी माड्रो, बिगी माड्रो. आवळा म्हणून. पन्नास मैल झालं की नट परत आवळा, आसं सांगितलं त्येनं तुला. आन तू पळवाय लागलीस!"

मग मला सीटवरचा पाना आठवला. खिडकीशी वाकून त्यांनी मूठ वळून काय दाखवलं होतं तेही आठवलं. आणि मी बिगी करा म्हटल्यावर त्यांनी चिमटा का आवळला तेही. बेळगावात सहा वर्षं राहिले होते मी. सहा वर्षं!

ती हसत होती आणि मी एकदम रडायला लागले. मुसमुसून नाही, चांगली गळा काढून, भर रस्त्यावर. आणि ते तोंडातून निघून गेलं. "आक्का, त्या दिवशी बोल्टांनी काय केलं न्हवतं. मीच घाईनं तिरका घातला. मला कळलं होतं, तरी मी पान्यावर उड्या मारल्या. दोन तास माझ्यामुळं गेलं. तुझं पोरगं माझ्यामुळं गेलं."

तिचं हसू थांबलं. एक बैलगाडी आली आणि गेली.

"तुझ्यामुळं न्हाय," ती म्हणाली. "आदल्या दिवसापासनंच हालत न्हवतं ते."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"आदल्या दिवशी सकाळपासनं. मला कळलं होतं. मी कुणाला बोलले न्हाय. त्यास्नी न्हाय, शेजारणीला न्हाय. बोलले आसते तर खरं झालं आसतं न्हवं. म्हटलं, झोपलं आसंल. उद्या हालंल. उद्या कळाच आल्या." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मग तू येऊन बोल्टाचं सांगाय लागलीस. सगळी बोल्टाला शिव्या द्याय लागली. मी गप बसले. मला बरं पडलं ते. न्हायतर त्येनी मला इचारलं आसतं, तुला कळलं न्हाय का म्हणून."

मी तिच्यासमोर धुळीत बसले. तिचा राग आला का? आला. तीन वर्षं मी झोपेत त्या पान्यावर उड्या मारत होते, आणि हिला ठाऊक होतं. पण मी त्या दिवशी आत जाऊन एकदा त्या बाळाकडं बघितलं असतं तर ते आदल्या दिवशीच गेलं होतं हे मलाही कळलं असतं. नर्सला ते बघून कळतं. मी भिंतीकडं तोंड करून उभी होते. आम्ही दोघींनीही तेच केलं होतं, आणि मग तिला काय म्हणायचं?

"आता?" मी विचारलं. "आता हलतंय?"

तिनं माझा हात घेतला आणि पोटावर दाबला. थोडा वेळ काहीच नाही. मग आतून चांगली टाच लागली, तळहाताच्या मधोमध.

"ऊठ," आक्का म्हणाली. "कर बिगी."

"कुठली बिगी?"

"आधी कानडी. मराठी मागनं बघू."

मी गोणपाटाखालून पाना काढला. वीस नट, समोरासमोरचे आळीपाळीनं, अंगाचा भार न टाकता. मग परत पहिल्यापासून वीस. आक्का तेवढा वेळ शांत बसून होती आणि मला कुठंही पळावंसं वाटलं नाही. खानापुरात परत उतरून बघितले, मच्छ्यात परत. मच्छ्याला शेडसमोर थांबले तर अण्णा बाहेर आले. मी मूठ वळून दाखवली आणि म्हणाले, "बिगी." ते खूश होऊन मान हलवायला लागले. आक्कानं त्यांना कानडीत सगळी हकीकत सांगितली तेव्हा मात्र ते मटकन दारातल्या दगडावर बसले आणि माझ्याकडं न बघता चारही चाकांना स्वतः पाना लावून आले.

नवव्या दिवशी ऑपरेशन झालं. ह्या वेळी मी आत होते. मीच टेबलाशी उभी होते. डॉक्टरांनी बाळ बाहेर काढून माझ्या हातात दिलं, मुलगी होती, निळसर, चिकट, आणि गप्प. मी तिला पालथी केली, नाक-तोंड साफ केलं, तळपायावर टिचक्या मारल्या. माझ्या पाठीमागं कुणी तरी आया हळूच म्हणाली, "सिस्टर, बिगी." मी घाई केली नाही. जे करायचं ते एकेक करून, सरळ, नीट केलं. आणि तिनं तोंड उघडलं आणि अख्खा वॉर्ड डोक्यावर घेतला.

आक्का दुपारी शुद्धीवर आली. तिचे डोळे अजून नीट उघडत नव्हते, ओठ कोरडे पडले होते. मुलगा का मुलगी, ते तिनं विचारलंच नाही.

"हलतंय?" ती म्हणाली.

"हलतंय आक्का," मी म्हणाले. "लई हलतंय."

माझी ड्यूटी कधीच संपली होती. मी स्टूल ओढलं, दोन्ही चपला काढल्या आणि तिथं बसून राहिले.